विश्लेषण : धान, मंडई आणि रात्री दहाचा नियम… झाडीपट्टीतील नाटकांच्या २०२५-२६ च्या हंगामाचे गणित

२०२५ मध्ये २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. मुंबई-पुण्यात त्या दिवशी दिवाळी संपते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील गावांत मात्र त्याच दिवसापासून मंडई भरू लागते आणि मंडईपाठोपाठ नाटकांचा हंगाम उघडतो. पवनी तालुक्यातील आसगाव आणि भोवतालच्या चौरास पट्ट्यात पुढचे चार महिने कुठे ना कुठे नाटक असतेच. भाऊबीज ते मार्चच्या सुरुवातीची होळी असा हिशेब केला तर २०२५-२६ च्या हंगामात सुमारे १३० रात्री भरतात. एवढ्या रात्रींवर नट, वादक, प्रकाशयोजना सांभाळणारे, पडदे लावणारे आणि मालमोटारींचे चालक यांची वर्षाची कमाई टांगलेली असते. तिकीट विकत घेऊन पाहिले जाणारे हे नाटक रंगभूमीबाहेरच्या कारणांनी तरते किंवा बुडते. धानाचे चुकारे कधी मिळतात, भोंगा किती वाजेपर्यंत चालतो, आचारसंहिता कधी लागते, ही ती कारणे.

झाडीपट्टी म्हणजे नेमका कोणता भाग?

‘झाडी’ म्हणजे जंगल. पूर्व विदर्भातील जंगलाचा आणि तलावांचा, धान पिकवणारा प्रदेश म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे त्यात येतात. इथली झाडीबोली वेगळी आणि करमणुकीच्या रीतीही वेगळ्या. दंडार, खडी गंमत, डाहाका, दंडीगान हे प्रकार आजच्या नाटकाच्या आधीपासून इथे आहेत. दंडारीत आणि खडी गमतीत पुरुषच स्त्रीवेश घेतात, गाणे आणि संवाद एकमेकांत मिसळलेले असतात आणि प्रेक्षक कलावंताला मध्येच टोकतात. आजच्या झाडीपट्टीच्या नाटकात भरपूर गाणी, मोठ्याने हसवणारे विनोदी पात्र आणि डोळ्यांत पाणी आणणारा कौटुंबिक प्रसंग एकाच रात्रीत येतात. शहरी समीक्षकाला हे मिश्रण भडक वाटते. पण त्याचे मूळ संगीत नाटकात जितके आहे, तितकेच किंवा त्याहून जास्त दंडारीत आहे.

हे नाटक राज्याला उशिरा दिसले. गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अनेकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या घरात भूमिका अशी त्यांची नोंद त्या वेळी प्रसिद्ध झाली. महानगरातल्या नटाला हा आकडा अशक्य वाटेल. झाडीपट्टीत हंगामात जवळजवळ रोज रात्री प्रयोग असतो, हे लक्षात घेतले की तो समजतो.

हंगाम भाऊबीजेलाच का उघडतो?

याचे उत्तर धानाच्या बांध्यांत आहे. हलके धान दिवाळीच्या आगेमागे कापणीला येते, भारी धान त्यानंतर. पुंजणे रचले, मळणी झाली, की शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्याही हाती वर्षातला पहिला मोठा पैसा येतो. पाऊस थांबलेला असतो. रिकाम्या झालेल्या बांध्यांत माणसे बसवायला जागा मिळते. दिवस लहान, रात्र मोठी. नाटकाला लागणाऱ्या पैसा, जागा आणि वेळ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मोकळ्या होतात.

मंडई त्या पैशाला वाट देते. भाऊबीजेनंतर गावागावांत मंडई भरते. सगळ्या गावांची एकाच दिवशी नसते, एकापाठोपाठ एक असते, म्हणजे शेजारच्या गावच्यांना येता येते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, लग्नाच्या गोष्टी निघतात. गोवारी समाजाची ढाल नाचत येते, दिवसा दंडार होते, दुकाने लागतात. घरी पाहुणे आलेले असतात, त्यांना रात्री झोपवायला जागा नसते. अशा वेळी रात्रभराचे नाटक ही करमणूक असते तशी पाहुण्यांची सोयही असते. रात्री दहाच्या सुमारास सुरू होणारे नाटक पहाटेपर्यंत चालते, यामागे हेही एक साधे कारण आहे. मध्यरात्री दोन वाजता नाटक संपवून लोकांनी थंडीत कुठे जायचे? पहाटेपर्यंत बसले की उजेडात घर गाठता येते. आता दुचाकी घरोघर आली, तरी सवय कायम आहे.

म्हणून आसगावसारख्या गावात नाटकाला गर्दी होईल की नाही, हे नटांच्या नावांवर कमी आणि धानावर जास्त ठरते. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवली होती; त्याआधीच्या वर्षी ती २,३०० रुपये होती. भाव ६९ रुपयांनी वाढला. नाटकाच्या दृष्टीने मात्र भावापेक्षा तारीख महत्त्वाची. खरेदी केंद्र वेळेवर उघडले, बारदाना कमी पडला नाही आणि चुकारे नोव्हेंबरअखेर खात्यात आले, तर डिसेंबर-जानेवारीची नाटके भरतात. केंद्र उघडायला उशीर झाला तर शेतकरी गरजेपोटी व्यापाऱ्याला कमी भावात धान देतो, उरलेले घरात ठेवतो, आणि पैसा हाती येईपर्यंत हंगाम अर्धा सरलेला असतो. राज्य सरकारने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन वर्षांसाठी धान उत्पादकांना हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, प्रोत्साहनपर रक्कम दिली. २०२४-२५ च्या हंगामासाठीची ही रक्कम मंजूर झाली ती मार्च २०२५ मध्ये, म्हणजे होळीच्या सुमारास. शेतीसाठी ती उपयोगाची ठरली. नाटकाला तिचा उपयोग नव्हता.

२०२५ मध्ये या हिशेबात पावसाचीही भर पडली. राज्याच्या मोठ्या भागात अतिवृष्टी झाली आणि ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. सर्वाधिक चर्चा मराठवाड्याच्या नुकसानीची झाली. पण धानपट्ट्यात कापणीच्या तोंडावर येणारा पाऊस वेगळाच त्रास देतो. कापून बांधीत पसरलेले धान भिजले तर कोंब फुटतात आणि केंद्रावर ते नाकारले जाते. शिवाय बांधी ओली असली तर मांडव उभा राहत नाही.

वडशाचे गणित काय?

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, ही झाडीपट्टीच्या नाटकांची बाजारपेठ. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चारही जिल्ह्यांना सोयीचे पडते. लाखांदूरहून तर ते अगदी जवळ आहे. हंगामाच्या आधी नाट्य कंपन्या इथे कार्यालये थाटतात, नाटकांच्या जाहिरातींचे फलक लागतात आणि गावोगावची मंडळे नाटक ठरवायला येतात.

पूर्वी रीत निराळी होती. गावातलीच हौशी मंडळी भूमिका करत, तालमी गावात होत, स्त्रीभूमिकाही पुरुषच करत. पुढे स्त्री कलावंत बाहेरून बोलावल्या जाऊ लागल्या, मग वादक, मग पडदे आणि पोशाख. हळूहळू गावाचे नट कमी झाले आणि पूर्ण नाटकच कंपनीकडून येऊ लागले. गाव निर्माता होते, ते आयोजक झाले. काही गावांत अजून हौशी नाटक होते, पण हंगामाचा मोठा भाग आता व्यावसायिक कंपन्यांकडे आहे. या बदलाने सफाई आणली, रोजगार आणला. गावातल्या मास्तराने लिहिलेले, गावातल्याच गुराख्याने गाजवलेले नाटक मात्र त्यात मागे पडले, आणि ही हानी छोटी नाही.

व्यवहार असा चालतो. मंडळ कंपनीला इसार देते आणि प्रयोगाची ठोक रक्कम ठरते. जागा, मांडव, कनात, वीज किंवा जनरेटर, ऑटोवर भोंगा लावून केलेला प्रचार, परवानग्या, पोलीस बंदोबस्त आणि कलावंतांचे जेवण हे मंडळाच्या अंगावर. तिकिटातून जे येईल ते मंडळाचे. नफा झाला तर मंदिर, शाळा, वाचनालय, क्रीडा मंडळ अशा कामाला जातो. तोटा झाला तर मंडळाची पोरे आपसांत वाटून भरतात. म्हणजे धोका कंपनीपेक्षा गावाच्या डोक्यावर जास्त असतो. ऐन वेळी पाऊस आला, तिकीटविक्री झाली नाही, शेजारच्या गावात त्याच रात्री मोठ्या नावाचे नाटक लागले, तरी ठरलेली रक्कम द्यावीच लागते. यामुळेच एक वर्ष वाईट गेले की पुढच्या वर्षी तेच मंडळ नाटक ठरवताना हात आखडता घेते. कंपनीला त्या मंदीचा फटका एक हंगाम उशिरा बसतो.

एका बाबतीत मात्र कायद्याने या व्यवहाराला मोकळे ठेवले आहे. नाटकाच्या प्रवेशाला माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही. झाडीपट्टीचे तिकीट या मर्यादेच्या खूप खाली असल्याने कराचा त्रास नाही. संहितेला मात्र मुंबईच्या नाटकासारखीच रंगभूमी प्रयोग परीनिरीक्षण मंडळाची मंजुरी लागते.

वादकांची स्थिती वेगळी का पाहावी लागते?

झाडीपट्टीच्या नाटकात संगीत जिवंत असते. रंगमंचापुढे वादक बसलेले असतात. ऑर्गन किंवा की-बोर्ड, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड ही वाद्ये नेहमीची. त्यांचे काम गाण्यापुरते नसते. पात्राने दार उघडले, कोणी कोणाच्या कानाखाली लगावली, विनोदी नटाचा पाय घसरला, की त्या प्रत्येक ठिकाणी ठेका हवा. त्यात तालमी कमी. नट आज या गावात आणि उद्या त्या गावात, कधी एका कंपनीत तर कधी दुसऱ्या. त्यामुळे विंगेत प्रॉम्प्टर लागतो आणि पुढे बसलेल्या वादकाला नटाच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते की हा आता वाक्य विसरला. तेव्हा दोन आवर्तने वाढवून त्याला सावरून घेणारा तबलजी जाहिरातीत ठळक अक्षरांत येत नाही.

‘हंगाम’ हा शब्द देशातल्या दुसऱ्या टोकाच्या संगीतातही आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ साली स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे वर्षाला दोन हंगाम होतात. खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभ्या केलेल्या या वाद्यवृंदासाठी अनेक वादक परदेशातून येतात. कार्यक्रम आधीच छापला जातो, सभागृह संस्थेचेच आहे, खर्चाचा भार तिकिटांखेरीज देणगीदार आणि प्रायोजक उचलतात. पाऊस पडला म्हणून तिथे मैफल रद्द होत नाही. दोन्हींची बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदाला पगार, सभागृह आणि प्रायोजक यांशिवाय उभे राहता येत नाही हे जगभर मान्य झालेले असताना, झाडीपट्टीतला वादक या तिन्हींशिवाय दर हंगामात उभा राहतो, एवढे नोंदवायला हवे.

त्याला पगार नसतो, ‘नाईट’ असते. जितक्या रात्री वाजवले तितके पैसे. समजा, एखाद्या वादकाला १३० पैकी ८० रात्री काम मिळाले. त्यातल्या आठ रात्री पावसाने, परवानगीअभावी किंवा मंडळाने माघार घेतल्याने गेल्या, तर त्याचे हंगामी उत्पन्न थेट दहा टक्क्यांनी घटते. नटाला निदान पुढच्या हंगामात नाव मोठे करून नाईट वाढवता येते. वादकाची नाईट नावावर वाढत नाही. होळीनंतर नाटके थांबतात. मग मोहफुले, उन्हाळी धानाची मजुरी, मे महिन्यातील तेंदूपत्ता, लग्नातली वाजंत्री, भजन-कीर्तनाची साथ असे मिळेल ते काम. पावसाळ्यात रोवणी.

या बैठकीवर आता दोन बाजूंनी ताण आहे. एका की-बोर्डमधून सनई, बासरी आणि व्हायोलिनचेही आवाज निघतात, त्यामुळे जिथे चार वाद्ये लागत तिथे दोन पुरतात. दुसऱ्या बाजूला नाटकाच्या मधोमध ध्वनिमुद्रित गाण्यावरचे नाच घालण्याची मागणी वाढली आहे. तरुण प्रेक्षक त्यासाठी येतो, म्हणून मंडळ कंपनीकडे ते मागते. नाच चालू असताना वादक हातावर हात ठेवून बसलेला असतो. काही जुन्या रसिकांना हा नाटकाचा अपमान वाटतो. मात्र ज्या मंडळाला तिकीट विकायचे आहे त्याला उपदेश करून काही होणार नाही. गाण्यावर पैसे खर्च करणारा प्रेक्षक गावात आहे का, हा मूळ प्रश्न आहे, आणि चांगली गाणारी नटी रंगमंचावर आली की कनातीबाहेरचेही लोक आत येतात, हा अनुभव त्याचे उत्तर बऱ्यापैकी होकारार्थी देतो.

रात्री दहाच्या नियमाचा अडथळा किती खरा?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. सभागृह, परिषद कक्ष, समाजमंदिर, मेजवानी कक्ष अशा बंदिस्त जागांना, आतल्या संवादापुरती, सूट आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणाच्या निमित्ताने राज्य सरकार ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा नियम आणि ही १५ दिवसांची सवलत, दोन्ही कायम ठेवले. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

आता हा नियम झाडीपट्टीच्या नाटकापुढे ठेवून पाहावा. नाटक सुरू होते तेव्हा नियमाची रात्र सुरू झालेली असते. हंगामाच्या रात्री १३०, सवलतीचे दिवस १५, आणि त्यातले बरेचसे गणेशोत्सव, नवरात्र, नाताळ यांत आधीच जातात. उरलेल्या दिवशीही सवलत मध्यरात्रीपर्यंतच. तोवर नाटकाचा पहिला अंक जेमतेम संपतो. कनातीने वेढलेली पण वरून उघडी बांधी बंदिस्त जागेच्या व्याख्येत बसवणे अवघड. म्हणजे कागदावर पाहिले तर हंगामातली जवळपास प्रत्येक रात्र नियमाबाहेर जाते.

प्रत्यक्षात नाटके होतात, कारण गावात त्याला कोणाची हरकत नसते आणि स्थानिक यंत्रणा समजुतीने घेते. पण समजुतीवर चालणारा धंदा कधीही थांबवता येतो, हीच यातली खरी अडचण. एक तक्रार, गावातल्या दोन गटांचे भांडण, नवा अधिकारी यांपैकी काहीही घडले की ठरलेला प्रयोग अडचणीत येतो आणि इसार दिलेले मंडळ कोंडीत सापडते. परवानगीच्या कागदावर वेळ एक आणि जाहिरातीत दुसरी, हे सगळ्यांना माहीत असते.

नियम चुकीचा आहे असे मात्र म्हणता येत नाही. तो ज्या कारणाने आला ते कारण गावातही आहे. आजारी माणूस, लहान मूल आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची परीक्षा देणारे विद्यार्थी आसगावातही असतात, आणि पूर्वीच्या कर्ण्यापेक्षा आजच्या डीजेच्या भिंती कितीतरी मोठ्या आवाजाच्या आहेत. नाटकाला शब्द ऐकू जाण्यापुरता आवाज लागतो. नाचाच्या गाण्याला मात्र छाती हादरवणारा. दोघांना एकच माप लावले की नुकसान नाटकाचे होते. व्यवहार्य मार्ग दोन दिसतात. संध्याकाळी सातला नाटक सुरू करायचे, किंवा मोठ्या गावांत बंदिस्त नाट्यगृहे बांधायची. पहिल्यात शेतावरून सहाला परतणारा प्रेक्षक तुटतो आणि रात्रभराची रीत मोडते. दुसऱ्याला पैसा आणि वर्षे लागतात, आणि बंदिस्त सभागृहात बांधीएवढी माणसे मावत नाहीत. केंद्राच्या नियमात हंगामी लोकनाट्यासाठी वेगळी तरतूद करणे हा तिसरा मार्ग. तो राज्याच्या एकट्याच्या हातात नाही.

शंकरपटाच्या बंदीतून काय दिसले?

मंडईनंतर नाटकाचे दुसरे मोठे निमित्त म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. पटाच्या दोन-तीन दिवसांत हजारो माणसे गावात उतरतात, आणि रात्री एकाच गावात चार-पाच नाटके लागतात, सगळी भरतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तो न्यायालयात अडकला. शर्यतींना परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी कायदा वैध ठरवला. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न खरा होता आणि आजही त्यावर अटी आहेत. पण त्या सात वर्षांत न्यायालयात कुठेही नाटकाचा विषय नसताना नाटकाचा एक मोठा ग्राहक गेला. काही गावांनी पटाशिवाय नाटके ठेवली. पट नाही तर पाहुणा नाही, हे लवकरच कळले.

त्याला जोडूनच करोना आला. मार्च २०२० ची टाळेबंदी हंगामाच्या शेपटाला लागली, पण २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ पूर्ण गेला. राज्यातली नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने पुन्हा उघडली २२ ऑक्टोबर २०२१ रोजी. मोजून बसवायला खुर्च्याच नसलेल्या बांधीत निम्मी क्षमता कशी ठरवायची, हा प्रश्न त्या आदेशात कुणाला पडला नव्हता.

निवडणुकांमुळे हंगाम अडणार का?

२०२४ मध्ये हंगामाची सुरुवात विधानसभा निवडणुकीच्या आचारसंहितेत झाली. २०२४ ची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि मतदान २० नोव्हेंबरला. २०२५-२६ च्या हंगामात स्थानिक स्वराज्य संस्थांची पाळी होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या निवडणुका ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पूर्ण करण्यास सांगितले होते, म्हणजे आचारसंहिता हंगामाच्या मधोमध येणार होती. भंडारा आणि गोंदिया जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०२१-२२ मध्ये झालेल्या असल्याने या जिल्ह्यांतील खेड्यांना तुलनेने कमी झळ बसण्याची शक्यता होती. पवनी, देसाईगंज यांसारख्या नगर परिषदांच्या हद्दीत आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामीण भागात ती जास्त असण्याची शक्यता होती.

आचारसंहितेत नाटकाला बंदी नसते. अडचण दोन ठिकाणी येते. पोलीस बंदोबस्त निवडणुकीकडे वळतो आणि दहाचा नियम काटेकोर पाळला जातो. शिवाय झाडीपट्टीत नाटकाचे उद्घाटन हा पुढाऱ्यांचा हक्काचा मंच असतो; मंडळाला देणगी तिथूनच येते. आचारसंहितेत पुढारी मंचावर चढायला कचरतात आणि देणगीही थांबते. निवडणूक जाहीर होण्याआधीच्या आठवड्यांत उलटे घडते. इच्छुक उमेदवार स्वतःहून नाटक ठरवून देतात. त्यामुळे २०२५ मध्ये नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या तारखा दाट आणि त्यानंतरच्या विरळ राहण्याची शक्यता होती. ज्या कंपन्यांनी डिसेंबरच्या तारखा दिल्या होत्या, त्यांना पुढे-मागे करण्याची तयारी ठेवावी लागणार होती.

सरकारकडून काय मिळते?

करोनाकाळात कलावंतांना एकरकमी पाच हजार रुपये जाहीर झाले होते. सांस्कृतिक कार्य संचालनालय झाडीपट्टीच्या नावाने नाट्यमहोत्सव घेते. त्यात निवडक कंपन्यांना प्रयोग मिळतात. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाची मानधन योजना आहे. २०२४ पासून तिचे मानधन महिना पाच हजार रुपये झाले. वयाची अट पन्नाशीची आणि जिल्ह्याला वर्षाला १०० जणांची मर्यादा. त्या शंभरांत भजनी, कीर्तनकार, शाहीर, खडी गंमतवाले, लेखक आणि नाटकवाले असे सगळेच येतात. रात्रभर तबला वाजवून सकाळी मालमोटारीत मागे झोपत पुढच्या गावी निघणाऱ्या पस्तिशीच्या वादकाला अजून पंधरा वर्षे तरी या योजनेत जागा नाही, आणि भाऊबीजेला त्याचा पहिला प्रयोग असतो.